मार्केसास बेटे: पॅसिफिकच्या मधोमध वसलेल्या सहा बेटांची ओळख

सागरगोटा (ऑकलंड)

पॉलिनेशिया म्हटलं की बोरा बोराचे फोटो डोळ्यापुढे येतात. उथळ निळं पाणी, त्यात खांबांवर उभ्या झोपड्या, भोवती प्रवाळाची कडा. मार्केसासला यातलं जवळजवळ काहीच नाही. इथे बेटाभोवती प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे लगून, म्हणजे आतलं शांत उथळ पाणी, नाही. ज्वालामुखीचे काळे कडे थेट समुद्रात उतरतात आणि महासागराची लाट मध्ये कुठेही न अडता खडकावर येऊन फुटते. मी पॅसिफिकमधली बरीच बेटं पाहिली आहेत, पण परत जावं असं सर्वांत जास्त इथेच वाटतं. मायबोलीत या बेटांवर फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी नकाशा. ताहितीच्या ईशान्येला साधारण १,४०० किमीवर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला ८ ते ११ अंशांत ही बेटं आहेत. राजकीयदृष्ट्या फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग. एकूण डझनभर बेटं, त्यातल्या सहांवर वस्ती: उत्तरेला नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका, दक्षिणेला हिवा ओआ, ताहुआता, फातू हिवा. सगळी मिळून लोकसंख्या दहा हजारांच्या आत. घड्याळ ताहितीच्याही अर्धा तास पुढे. भारतात सकाळचे सहा वाजले की तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे तीन. बरोबर पंधरा तासांचा फरक, त्यामुळे घरी फोन करताना हिशेब सोपा.

तिथले लोक आपल्या भूमीला उत्तरेत ‘हेनुआ एनाना’ आणि दक्षिणेत ‘फेनुआ एनाता’ म्हणतात. ‘मार्केसास’ हे १५९५ मध्ये आलेल्या मेंदान्या या स्पॅनिश दर्यावर्द्याने पेरूच्या व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव. त्याच्या मुक्कामात सुमारे दोनशे बेटवासी मारले गेले अशी नोंद त्याच्याच जहाजावरच्या सुकाणू-प्रमुखाने करून ठेवली आहे. बाहेरच्या जगाशी पहिली गाठ पडली ती अशी.

बेटांच्या जन्माची गोष्ट मला तिथे एका आजींनी सांगितली. ओआतेआ या देवाला बायकोसाठी, अतानुआसाठी, एका रात्रीत घर बांधायचं होतं. त्याने खांब रोवले ते उआ पोऊ. आढं घातलं ते हिवा ओआ. वासे म्हणजे नुकू हिवा, माडाच्या झावळ्यांचं छप्पर म्हणजे फातू हिवा. उरलासुरला कचरा पुरायला खड्डा खणला तो उआ हुका. तोवर उजाडलं, तो पहाटेचा उजेड म्हणजे ताहुआता. बोटीतून उआ पोऊ दिसायला लागलं की ही गोष्ट सांगणाऱ्यांनी नुसती कल्पना केलेली नाही हे कळतं. बेटाच्या मधोमध दगडी सुळके खरोखरच खांबांसारखे उभे आहेत, सगळ्यात उंच सुळका बाराशे मीटरच्या वर. बहुतेक वेळा त्यांची टोकं ढगात असतात. सकाळी लवकर डेकवर उभं राहिलं तर दिसण्याची शक्यता जास्त.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहिते.


वेताळटेकडी

उत्तम धागा, ताई. पहिला प्रश्न साहजिकच: पोचायचं कसं? आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय?


सागरगोटा

ताहितीवरच्या पापेएते शहरापर्यंत मोठं विमान, तिथून दोन वाटा.

पहिली वाट विमानाची. पापेएते ते नुकू हिवा किंवा हिवा ओआ, तीन-साडेतीन तास. नुकू हिवाचा विमानतळ बेटाच्या वायव्येच्या कोरड्या, ओसाड भागात आहे. तिथून तायोहाए या मुख्य गावाला यायला डोंगर चढून तोवीईचं पठार ओलांडावं लागतं, दीड तास तरी जातो. हा रस्ताच इतका सुंदर आहे की शक्यतो दिवसाउजेडी पोचणारं विमान घ्या. खाली उजाड माळ, वर पाईनची झाडं आणि गारवा, आणि मग एकदम समोर तायोहाएची अर्धवर्तुळाकार खाडी. उआ पोऊ आणि उआ हुकाला छोट्या धावपट्ट्या आहेत. ताहुआता आणि फातू हिवाला विमानतळच नाही, तिथे फक्त बोटीने.

दुसरी वाट ‘अरानुई’ जहाजाची. हे अर्धं मालवाहू आणि अर्धं प्रवासी जहाज आहे. पापेएतेहून निघून तुआमोतूची प्रवाळबेटं करत मार्केसासची सहाही बेटं घेतं आणि साधारण बारा दिवसांनी परततं. मी याच वाटेने गेले आणि जमत असेल तर सर्वांना हीच सुचवीन. पुढच्या बाजूला क्रेन, मागे केबिन. बंदरात शिरलं की सिमेंटची पोती, फ्रीज, बिअरचे क्रेट, ट्रॅक्टरचे टायर उतरतात आणि खोबऱ्याची पोती, नोनी या फळाची पिंपं, लिंबं चढतात. अख्खं गाव धक्क्यावर आलेलं असतं, कारण कोणाचं ना कोणाचं काहीतरी त्या जहाजात असतंच. उआ हुकाला वायपाएची खाडी इतकी अरुंद आहे की जहाज आत जागच्या जागी वळवून दोन्ही काठांच्या खडकांना दोरखंडांनी बांधतात. होडीतून ते दोर नेणारे खलाशी पाहताना मी श्वास रोखून उभी होते.

व्हिसाबद्दल महत्त्वाचं: नेहमीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. अर्ज फ्रेंच यंत्रणेकडेच करायचा, पण त्यात फ्रेंच पॉलिनेशिया असं स्पष्ट लिहून तिथला व्हिसा मागायचा. शिवाय वाट ऑकलंडवरून असो की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढण्याआधी पाहा. अमेरिकेतून जाताना विमान बदलायलाही व्हिसा लागतो.


माडबाग

आम्ही मालवणजवळचे. ताई, तिथे नीरफणस मुख्य अन्न आहे असं ऐकलंय. आमच्याकडे घराघरात झाड आहे, पण आम्ही काप करतो, फार तर भाजी. त्यावर अख्खा समाज कसा जगतो?


सागरगोटा

दादा, या एका प्रश्नावर वेगळा धागा होईल.

तिथे नीरफणसाला ‘मेई’ म्हणतात. ताजा फणस विस्तवावर सालीसकट काळा होईपर्यंत भाजतात, साल काढून दगडी वरवंट्याने लाकडी पाटावर कुटतात आणि वर नारळाचं ताजं दूध ओततात. हा ‘काआकू’. मऊ, कोमट, किंचित धुरकट. नारळाचं दूध आणि फणस आपल्या जिभेला परके नाहीत, पहिल्या घासातच आवडेल.

पण जगवणारा पदार्थ दुसरा. पीक आलं की फणस पानांनी शाकारलेल्या खड्ड्यात दाबून भरतात आणि आंबू देतात. हा ‘मा’. जुन्या काळी हे खड्डे वर्षानुवर्षांसाठी भरलेले असत, कारण मार्केसासला पाऊस भरवशाचा नाही. सलग दुष्काळ पडतात, झाडं फळत नाहीत. मग खड्डा उघडायचा, मा काढायचा, ताज्या फणसात मिसळून कुटायचा. त्याची ‘पोपोई’ होते. चव आंबट आणि उग्र. मला आवडायला वेळ लागला, पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं पोपोईशिवाय जेवण होत नाही. जुन्या वस्त्यांच्या अवशेषांत हे खड्डे अजून दिसतात, काही माणूस उभा राहील इतके खोल. ज्या खोऱ्यात खड्डे भरलेले, ते खोरं दुष्काळात तगायचं.


माडबाग

वा! आमच्याकडे हंगामात नीरफणस झाडाखाली पडून कुजतात. आंबवून टिकवायचा विचार कोणी केला नाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली खड्ड्याला पानं कसली लावतात ते विचार.


सागरगोटा

मी पाहिलं तिथे ‘ती’च्या झाडाची पानं होती. आपल्याकडे बागेत शोभेसाठी लाल पानांची कॉर्डिलाइन लावतात, त्याच जातीची, पण हिरवी. आईंना नमस्कार सांगा.

आणखी एक: नोनी म्हणजे आपली बारतोंडी. आपल्याकडे तिच्या मुळांपासून रंग काढत. तिथे फळं गोळा करून परदेशी पाठवतात आणि खोबऱ्याच्या जोडीला ते रोख उत्पन्न आहे. पपनसही आपलेच वाटतील, पण मुलाच्या डोक्याएवढे, आणि इतके गोड रसाळ मी दुसरीकडे खाल्ले नाहीत.


अबोली

आम्ही दोघे शाकाहारी. उपाशी राहू का?


सागरगोटा

उपाशी राहणार नाही, पण आधी सांगावं लागेल. भाजलेला नीरफणस, अळकुडीच्या जातीचे कंद, उकडलेली केळी, आंबे, पपनस आणि फ्रेंचांमुळे गावोगावी मिळणारा लांबट पाव. सणाच्या जेवणात मात्र जमिनीतल्या भट्टीत डुक्कर शिजतं आणि नारळाच्या दुधातला बोकड हा मानाचा पदार्थ. राहायला मोठी हॉटेलं जवळजवळ नाहीत, लोक घरातच दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात. घरच्या बाईला आदल्या दिवशी सांगितलं तर ती मनापासून करून वाढते. थोडी फ्रेंच शिकून जा. इंग्रजी जहाजावर चालते, गावात क्वचित. आणि भेटल्यावर आधी ‘काओहा’ म्हणा, त्याने चेहरे खुलतात.


पंचक्रोशी

मला या बेटांची माहिती चित्रकलेमुळे. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ हिवा ओआवर वारला ना? त्याचं घर, कबर पाहायला मिळते का? कलेच्या विद्यार्थ्याला ही तीर्थयात्राच.


सागरगोटा

हो. १९०१ मध्ये आला, ८ मे १९०३ ला आतुओना गावात वारला. कबर गावाच्या वरच्या दफनभूमीत चाफ्याखाली आहे, तिथून खाडी दिसते. त्याच्या नावाच्या केंद्रात घराची प्रतिकृती आहे. चित्रं मात्र सगळी नकला, मूळ चित्र एकही नाही. थोड्याच अंतरावर बेल्जियन गायक जाक ब्रेलची कबर आहे. तो १९७५ मध्ये आला, आजारी होता, तरी स्वतःच्या छोट्या विमानातून बेटांवरचं टपाल आणि गरजू माणसं ने-आण करायचा. ते विमान, ‘जोजो’, आतुओनात जपून ठेवलंय. तिथल्या लोकांच्या बोलण्यात ब्रेलबद्दल माया जाणवते.


रानजाई

पंचक्रोशी, मी तीर्थयात्रा म्हणणार नाही. गोगँने तिथे जिला घरात आणलं ती व्हाएओहो चौदा वर्षांची होती, मिशनच्या शाळेतून काढून आणलेली. चित्रं मोठी आहेत हे मान्य. पण त्या मुलीचं नाव कबरीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं.


पंचक्रोशी

हे मला ठाऊक नव्हतं. कलेच्या इतिहासात आम्हाला फक्त रंग आणि रेषा शिकवल्या. लिहिलंत ते बरं केलंत.


सागरगोटा

रानजाईशी सहमत. त्याच माणसाने शेवटच्या काळात बेटवासीयांच्या बाजूने वसाहती पोलिसांशी भांडण घेतलं, त्यात त्याला तुरुंगवासाची शिक्षाही झाली, ती भोगण्याआधी तो गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण माझं म्हणणं वेगळं आहे. हिवा ओआवर जाऊन फक्त दोन युरोपीय कबरी पाहून परत येणारे खूप प्रवासी मी पाहिले. त्याच बेटावर पुआमाऊला ‘ताकाई’ हा दगडी तिकी, म्हणजे मानवी आकाराची कोरीव मूर्ती, आहे, अडीच मीटरच्या आसपास उंच, फ्रेंच पॉलिनेशियातला सर्वांत मोठा. शेजारी आडवी पडलेली स्त्री-मूर्ती, तिच्यासारखी दुसरी नाही. त्या करणाऱ्यांची नावं कुठल्याच केंद्राला दिलेली नाहीत. आधी तिथे जा.

आणि एक आकडा डोक्यात ठेवून जा. युरोपीय आले तेव्हा इथे पन्नास हजारांच्या वर लोक असावेत, काही अंदाज लाखापर्यंत जातात. १९२० च्या दशकात उरले जेमतेम दोन हजार. देवी, क्षय, बंदुका, दारू. १८६२-६३ मध्ये पेरूच्या जहाजांनी पॉलिनेशियातून माणसं पळवली. त्यातल्या जिवंत राहिलेल्यांना परत पाठवताना बोटीवर देवीची साथ होती, ती नुकू हिवा आणि उआ पोऊवर उतरली. खोरीच्या खोरी रिकामी झाली. म्हणून जंगलात चालताना जागोजागी जे दगडी चौथरे लागतात, शेवाळलेले, वडाच्या मुळांनी धरलेले, ते फार प्राचीन आहेत असं समजू नका. तिथे दीड-दोनशे वर्षांपूर्वी चुली पेटत होत्या. नुकू हिवावर हातिहेऊजवळच्या कामुइहेईच्या अवशेषांना गेलात तर वाटाड्याबरोबर जा आणि चौथऱ्यावर बसण्याआधी त्याला विचारा. काही जागा पवित्र आहेत, तिथे चढायचं नसतं.


वेताळटेकडी

हे वाचून सुन्न झालो. मग भाषा, नाच, गोंदण हे सगळं टिकलं कसं? आजकाल गोंदवून घेणाऱ्या निम्म्या पोरांच्या दंडावर मार्केसासची नक्षी असते म्हणतात.


सागरगोटा

बरंचसं टिकलं नव्हतं. मिशनरी आणि वसाहती अंमलाने गोंदण, नाच, ढोल यांवर बंदी घातली. एकेकाळी पुरुषांचं अंग डोक्यापासून पायापर्यंत गोंदलेलं असे. ही कला जाणणाऱ्यांची साखळीच तुटली. नोंदी उरल्या त्या बाहेरच्यांच्या: १८०४ मधल्या रशियन मोहिमेची चित्रं आणि १८९७-९८ मध्ये आलेल्या कार्ल फॉन डेन श्टाइनेन या जर्मन अभ्यासकाने म्हाताऱ्यांच्या अंगावरून उतरवून घेतलेली नक्षी.

मग १९७८ मध्ये ‘मोतू हाका’ ही संस्था निघाली. शिक्षक पुढे होते आणि पाठीशी बिशप ले क्लेआक. ज्या चर्चने नाच थांबवला त्याच चर्चच्या बिशपने प्रार्थना स्थानिक भाषेत आणली. १९८७ मध्ये उआ पोऊला पहिला ‘मातावाआ’ उत्सव झाला. तेव्हापासून दर काही वर्षांनी आळीपाळीने बेटं यजमान होतात. नाच, गाणी, कोरीवकाम, गोंदण, जेवण, आणि तेही त्याच जुन्या दगडी चौकांत, जिथे शंभर वर्षं कोणी नाचलं नव्हतं. प्रवासाच्या तारखा ठरवायच्या असतील तर आधी मातावाआच्या तारखा पाहा, खोल्या फार आधी भरतात.

गोंदणाबाबत विनंती: तिथे करून घ्यायचं असेल तर कलाकाराला वेळ द्या. तो तुमच्याबद्दल विचारेल, मग नक्षी ठरवेल. फोनवरचं चित्र दाखवून ‘हेच हवं’ म्हणू नका.


शिडाची_होडी

मी या बेटांवर विमानाने नाही, शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून आलो. पनामाकडून पॅसिफिक ओलांडणाऱ्या बहुतेक शिडाच्या बोटींना गालापागोसनंतर पहिली जमीन दिसते ती मार्केसासची. मध्ये सुमारे तीन हजार सागरी मैल काही नाही. आम्हाला फातू हिवा दिसण्याआधी रात्री वाऱ्यावर मातीचा आणि धुराचा वास आला. हानावावेच्या खाडीत नांगर टाकला, दोन्ही बाजूंना सुळके. नांगर धरेल याची खात्री करूनच झोपा, डोंगरातून वाऱ्याचे झोत अचानक खाली येतात.

फातू हिवाला ओमोआ ते हानावावे ही सतरा किलोमीटरची पायवाट चाला. ओमोआत बायका झाडाची साल कुटून ‘तापा’ करतात. तुतीची साल पांढरी, नीरफणसाची तपकिरी, वडाची गडद. केसांत माळायला ‘उमुहेई’ मिळतो: तुळशीच्या जातीचा पाला, पुदिना, इलांग-इलांग, चंदनाची पूड एकत्र बांधलेली. आमच्या बोटीवर तो वास किती तरी दिवस होता.

आणि ज्यांना वाटतं पॉलिनेशियन लोक वाऱ्याबरोबर भरकटत इथे आले, त्यांनी हवाईच्या ‘होकुलेआ’बद्दल वाचावं. १९९५ मध्ये ती आणि इतर जोडहोड्या नुकू हिवाहून हवाईला गेल्या, वाट तारे आणि लाटांवरून काढत. रताळं इथे दक्षिण अमेरिकेतून आलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या लोकांत साधारण बाराव्या शतकातला अमेरिकन आदिवासी वारसा सापडला. कोण कोणाकडे गेलं यावर अजून वाद आहे.


अबोली

किडे, डास, आजार?


सागरगोटा

‘नोनो’ ही इवलीशी चावरी माशी हीच खरी अडचण. काही किनाऱ्यांवर पांढरी, खोऱ्यांत काळी. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. खाजवलं तर जखम चिघळते. लांब बाह्या घाला, खोबरेल किंवा मोनोई (तिथलं सुगंधी खोबरेल) जाडसर लावा, माशी त्यात अडकते. डेंग्यू येऊन जाऊन असतो, डासांचं मलम हवंच. तायोहाएला रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला ताहितीला विमानाने न्यावं लागतं, म्हणून त्या खर्चाचा विमा काढल्याशिवाय निघू नका.

प्रवाळाची भिंत नसल्याने पोहण्यासाठी प्रत्येक किनारा योग्य नाही. ताहुआताचे पांढऱ्या वाळूचे किनारे छान, पण होडीतून उतरताना लाट पाहून, खलाशी हात देईल तेव्हाच पाऊल टाका. वयस्कर मंडळींनी हे गृहीत धरावं. १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी इथल्या खाड्यांना झोडपलं होतं. गावात वर जायची वाट कुठून आहे ते पोचल्यावर विचारून ठेवा.


रानजाई

अणुचाचण्यांचा इथे परिणाम? फ्रान्सने त्या भागात केल्या ना?


शिडाची_होडी

चाचण्या मोरुरोआ आणि फांगाताउफा इथे, तुआमोतूच्या टोकाला, १९६६ ते १९९६. एकूण १९३. मार्केसासपासून ते दूर आहे. पण सत्तरच्या दशकात भूमिगत चाचण्यांसाठी मार्केसासच्याच उत्तरेच्या निर्जन एइआओ बेटावर छिद्रं पाडून पाहणी झाली होती. तिथे चाचणी झाली नाही. पापेएतेला गेलात तर या विषयावर लोक आपणहून बोलतात, ऐकून घ्या.


वेताळटेकडी

वर्तमानपत्रात वाचल्याचं आठवतं, ही बेटं जागतिक वारसा यादीत आली आणि तेही दिल्लीत?


सागरगोटा

हो! जुलै २०२४, नवी दिल्लीतलं जागतिक वारसा समितीचं अधिवेशन. त्याच अधिवेशनात आसामचे मोईदाम, म्हणजे आहोम राजघराण्याच्या दफनटेकड्या, यादीत आले. मार्केसासची नोंद संस्कृती आणि निसर्ग अशी दुहेरी आहे. निसर्गाचं एक कारण उआ हुकावर दिसेल: ‘पिहिती’ हा निळा-पांढरा छोटा पोपट. इतर बेटांवर बोटींतून आलेल्या काळ्या उंदरांनी तो संपवला. उआ हुकाला तो उंदीर पोचलेला नाही, म्हणून पक्षी आहे. त्या बेटावर उतरताना सामान झटकून, तपासून न्या.


माडबाग

आईचा निरोप: या हंगामात परसात एक छोटा खड्डा घालून बघणार आहे. ताई, किती दिवसांनी उघडायचा?


सागरगोटा

दादा, फणस पिकून मऊ व्हायला लागलेले घ्या, साल आणि मधला दांडा काढून टाका. पानांचे दोन-तीन थर खाली आणि बाजूला, वरूनही पानं, मग दगड. पावसाचं पाणी शिरता कामा नये, कोकणात हीच खरी काळजी, म्हणून शेडखाली घाला किंवा आधी बरणीत करून बघा. काही आठवड्यांत आंबट वास यायला लागतो. बुरशी किंवा कुजका वास आला तर टाकून द्या, चाखून बघू नका. नीट झाला तरी तसाच खायचा नाही, पानात बांधून भाजायचा आणि ताज्या उकडलेल्या फणसात थोडा थोडा मिसळायचा. फोटो इथेच टाका.